गोट विकतचाच पाठवलाय, आई

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, आधी रागावून घे, मग पुढचं वाच. माईआजीच्या गोधडीला कडेनं लावायचा गोट मी विकतचा घेतला आणि कुरिअरही करून टाकला. तुझी अंजिरी इरकल फाडायची नाही. फोनवर सांगितलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस.

तुला वाटेल, हिला घरचं काही नकोच. तसं नाही गं. गोधडीला सगळ्यात जास्त घासणूक कडेला होते. अंगावर ओढताना, घडी घालताना, धुताना हात तिथंच पडतो. आणि इरकल आधीच विरलीय, तिचा गोट फार तर दोन हिवाळे टिकेल. शिवाय सुती साडीतून उरेब, म्हणजे तिरक्या कापाच्या पट्ट्या काढायच्या, तिरक्या जोडायच्या, इस्त्रीनं घड्या पाडायच्या म्हणजे दोन दिवस मान खाली. तुझे डोळ्यांचे थेंब अजून चालू आहेत. काकूच्या निळ्या रजईच्या वेळी काय झालं ते बाबांना विचार.

पाकिटात दहा मीटर सुती उरेब पट्टी आहे, घड्या आधीच पाडलेली. गोधडी ५ फूट बाय साडेसात फूट, म्हणजे चारही कडा मिळून २५ फूट, साधारण ७ मीटर ६२ सेंटिमीटर. चार कोपरे आणि शेवटचा जोड धरून आठ मीटर पुरतात. बाकीची चुकलीमाकली तर असावी म्हणून. दुकानात सगळे आधी सॅटिनची दाखवतात, चकचकीत असते ना. पण ती टिपेखाली सरकते, कापलेल्या टोकाला लगेच सुटते आणि आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात गळ्याशी नको वाटते. अर्ध्या इंचाची स्वस्त होती, तीही घेतली नाही. आत जुनी चादर असल्यानं आपली गोधडी कडेला चांगली जाड आहे. त्या जाडीवरून वळण्यातच अरुंद पट्टी संपते आणि मागे टीप धरायला जेमतेम दोरा-दोन दोरे उरतात. ही दुमडून पाऊण इंच आहे.

लावायच्या आधी पट्टी कोमट पाण्यात तासभर बुडवून ठेव. सुती आहे, आटणार. आधी आटली नाही तर गोधडी धुतल्यावर आटेल आणि सगळी कड चुण्या पडून आत ओढली जाईल. ओली असतानाच पांढऱ्या फडक्यावर दाबून बघ, रंग लागला तर आणखी एकदा पाण्यातून काढ. सावलीत वाळव. इस्त्री वरून दाबायची, पट्टी ओढत फिरवायची नाही. उरेब कापड ताणलं की लांब होतं आणि घड्याही जातात.

जुना गोट ब्लेडनं उसवू नकोस, खालच्या चादरीचे धागे कापले जातात. बारीक कात्रीनं एका बाजूचा दर चौथा टाका काप आणि दुसऱ्या बाजूनं दोरा ओढ, सरसर निघून येतो. मग कडेपासून पाव इंच आत चारही बाजूंनी धावदोरा घाल. तो नसेल तर मशीनखाली खालचा थर पुढे ओढला जातो आणि वरचा मागे राहतो.

आता खरी मेख सांगते. पट्टी मधोमध दुमडलेली दिसते, पण तशी नसते. एक बाजू किंचित अरुंद असते, दुसरी रुंद. अरुंद बाजू नेहमी वर, म्हणजे गोधडीच्या सुलट्याकडे. रुंद बाजू मागे. मागची थोडी पुढे आलेली असते म्हणून वरून टीप मारली तरी ती खाली सापडते. उलटं लावलंस तर वरून सगळं झकास दिसेल आणि पालथी केलीस की निम्मी पट्टी लोंबत असेल. गोधडी पट्टीच्या घडीत घालून एकाच टिपेत मोकळं व्हायचं, असंही पुष्कळ जण करतात. पातळ चादरीला चालतं, आपल्या गोधडीला नाही.

दोन टिपा घालू. पट्टी उघड, अरुंद बाजूचा काठ गोधडीच्या सुलट्या काठाला बरोबर लाव आणि काठाजवळच्या पहिल्या घडीच्या खुणेवरून टीप मार. सुरुवात लांब बाजूच्या मधून, कोपऱ्यातून नाही, आणि पहिलं सहा इंचांचं टोक न शिवता मोकळं सोड. पट्टी ओढू नकोस, गोधडीही ओढू नकोस. पट्टी ताणली तर कड आत वळते, गोधडी ताणली तर कडेला लाटा येतात. कोपरा आला की टीप काठापासून जितकी आत आहे तितकं अंतर आधीच थांब. तुझ्या मशीनला उलटी टीप नाही, म्हणून दोरे लांब सोडून गाठ मार. पट्टी सरळ वरच्या दिशेला दुमड, तिरकी घडी पडेल. मग तीच खाली, पुढच्या बाजूवर आण. वरची घडी गोधडीच्या काठाशी बरोबर यायला हवी. तिथून नवी टीप सुरू. शेवटी पहिलं टोक अर्धा इंच आत दुमडायचं, दुसरं त्यावर इंचभर चढवायचं.

मग पट्टी मागे वळव आणि गोधडी सुलटीच ठेवून, पट्टी आणि गोधडीच्या मधल्या खाचेतून दुसरी टीप. पण फक्त तीन बाजूंना. डोक्याकडची बाजू तू हातानंच हेम कर. तुझं मन राखायला म्हणत नाहीये. मशीनच्या टिपेची कड हनुवटीला टोचते, हातशिलाईची टोचत नाही. सुई आरपार घालायची नाही, मागचा एक थर आणि पट्टी एवढंच पकडायचं, म्हणजे अंगठ्यालाही त्रास नाही. ५ फूटच आहे. रोज दुपारी खिडकीशी फूटभर कर, बास. दोरा पट्टीपेक्षा एक छटा फिका पाठवलाय, तुला दिसावा म्हणून.

बाबा, आता तुमचं काम. मशीनला १८ नंबरची सुई घाला, पाकिटात पाच आहेत. टाका मोठा, इंचात आठ. कापड दाबून धरणाऱ्या फुटाच्या दांड्यावरचा दाबाचा स्क्रू दोन आटे सैल करा. नाहीतर जाड कड फुटाखाली अडते आणि एकाच जागी टाके साचतात. मशीनच्या डावीकडे टेबल लावा. गोधडी खाली लोंबली की तिच्या वजनानं सुई वाकते आणि पत्र्यावर आपटून तुटते. तुम्ही गोधडी नुसती उचलून धरायची, ओढायची नाही. कोपऱ्यात पायडल नको, चाक हातानं फिरवा.

टाचण्या अजिबात वापरायच्या नाहीत. छोटे प्लास्टिकचे चिमटे पाठवलेत, तेच चार-चार इंचांवर लावा. सुई तुटली तर दोन्ही तुकडे सापडल्याशिवाय कुणी उठायचं नाही. बाबा, तुम्ही घरात अनवाणी फिरता आणि पायाला लागलेलं तुम्हाला कळत नाही. शुगरची गोळी चुकवताय का, हेही आईकडून कळतंच मला.

गड्ड्याच्या जत्रेला येणं यंदा जमत नाहीये, म्हणून एवढं लिहावं लागलं. तोवर थंडीत तीच गोधडी हवी म्हणून अर्धवट लावलेली अंगावर घेऊ नका. कपाटात वरच्या फळीवर नवीन चादरी पडून आहेत, त्या काढा. पाहुण्यांसाठी म्हणून किती वर्षं ठेवणार? आई, तू माझं डोकं मांडीवर घेऊन जशी पांघरायचीस तशी बाबांनाही रात्री पांघरून देत जा, ते झोपेत पाय उघडे टाकतात.

झाल्यावर लगेच धुवायला काढू नका. ओली गोधडी तुम्हा दोघांना उचलणार नाही. नळाला पाणी येईल त्या दिवशी शेजारच्या ताईंच्या मुलाला बोलवा, मी त्याच्याशी बोललेय. पिळायची नाही, दोरीवर दुहेरी टाकायची. पट्टी उरली तर बाबांच्या गुडघ्याखालच्या उशीला लावून टाक, तिची शिवण उसवलीय.

तुमची,
मनी