पैज, पॉलिएव्ह आणि अमृततुल्यातले बारा फॉर्म

पुणे,
१० सप्टेंबर २०२५

प्रिय बंड्या,

विसर्जन होऊन चार दिवस झाले तरी कानात ढोल वाजतोच आहे. यंदा मिरवणूक तीस तासांच्या वर चालली. त्या गदारोळात तुझा व्हॉइस मेसेज आला होता, तो काल रात्री निवांत ऐकला. म्हणे कॉन्झर्व्हेटिव्हांचा पॉलिएव्ह पंतप्रधान होतो की नाही ही पैज मी नशिबानं जिंकलो, आणि मला तुमच्या कॅनडातलं काय कळतंय! दुसरं कबूल. पहिलं नाही.

नाताळच्या सुट्टीत तू फोनवर काय चढला होतास, आठव जरा. पॉलिएव्हचा पक्ष २०२३ च्या उन्हाळ्यात पंतप्रधान ट्रुडोच्या लिबरल पक्षाच्या पुढे निघाला तो निघालाच, आणि गेल्या डिसेंबरात तर सर्व्हेंमध्ये वीस-वीस टक्क्यांनी पुढे दिसत होता. त्यात ट्रुडोच्या अर्थमंत्रीणबाईंनीच राजीनामा दिला. "आता फक्त शपथविधीचा मुहूर्त काढायचा राहिलाय," हे तुझे शब्द. मी एवढंच म्हटलं होतं, "ट्रुडो घरी गेला तर मग बघू." तू हसलास आणि पैज लावलीस. ६ जानेवारीला ट्रुडोनं पायउतार होतो म्हणून सांगितलं तेव्हाही तू हसतच होतास.

ट्रुडोच्या जागी लिबरलांनी आणलेला हा कार्नी कोण, हे मला तेव्हा धड माहीत नव्हतं. इंग्लंड आणि कॅनडा, दोन्हीकडच्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर राहिलेला आणि आयुष्यात एकही निवडणूक न लढलेला माणूस पंतप्रधान होईल, हे मी कुठून सांगणार? मला आठवत होत्या त्या कसब्यातल्या आजी.

२००४, आपण दोघं घरोघरी करत होतो तो लोकसभेचा सर्व्हे. फॉर्ममागे पंधरा रुपये, गल्लीत डाव्या हातानं सुरुवात, दर पाचवं घर. तू खालच्या मजल्यावर, मी वर. तो जिना आठवतोय ना, दोर धरून चढायचा? वर आजी सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. पहिले सहा प्रश्न त्यांनी मला अक्षरशः धुऊन काढलं. पाण्याची वेळ, गॅसचा भाव, खासदार मतं मागायला येतो तेवढाच. मी खुशीत 'नाराज', 'अतिशय नाराज' अशा खुणा करत सुटलो. मग विचारलं, "म्हणजे यंदा मत दुसऱ्याला?" आजींनी सूप पाखडलं आणि म्हणाल्या, "अरे, घरच्या सुनेला नावं ठेवली म्हणून काय शेजारणीच्या हातात किल्ल्या देते का मी?"

मी 'सांगता येत नाही'चा नऊ आकडा लिहायला लागलो. पण त्या सुपरवायझरनं बजावलं होतं, नऊ कमी आणा, ऑफिसात ओरडतात. म्हणून परत विचारलं, "तरी आजी, कल कुणाकडे?" त्यांनी माझ्या घामेजल्या तोंडाकडे पाहिलं. "लिही त्या दुसऱ्याचं. तुझं काम होऊ दे एकदाचं."

झाला कल! पुढे त्यांनी मत कुणाला दिलं, देव जाणे.

आणि तू त्या वेळी कुठे होतास ते लिहू का? कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात, क्रीमरोल चहात बुडवत, एका बैठकीत बारा फॉर्म. अक्षर वेगळं दिसावं म्हणून चार डाव्या हातानं. त्या वर्षी देशभरातले सर्व्हे वाजपेयींचं सरकार परत येणार म्हणत होते. १३ मेला काँग्रेस १४५ आणि भाजप १३८, आणि आपल्या पुण्यात विद्यमान खासदार प्रदीप रावत पडून कलमाडी आले. देशाचा अंदाज चुकण्यात तुझा वाटा फार नसेल, पण आहे.

म्हणजे सर्व्हे खोटेच असतात असं नाही रे. तुमच्याकडचे निवडणुकीआधीचे, एप्रिलातले शेवटचे सर्व्हे लिबरल थोडे पुढे म्हणत होते, झालंही तसंच. आणि मला विचारशील तर डिसेंबरातलेही खरेच होते. लोक ट्रुडोला कंटाळले होते, तेच त्या आकड्यात उतरलं. तुम्ही त्याचा अर्थ 'पॉलिएव्ह हवा' असा लावलात. ज्याच्यावर राग होता तो उठून गेला, वर ट्रम्पसाहेबांनी आयातकर लावून 'कॅनडा अमेरिकेचं एक्कावन्नावं राज्य' सुरू केलं, की मार्चअखेर पारडं फिरलं. खरी मेख पुढे आहे. पॉलिएव्हच्या पक्षाला ४१ टक्क्यांवर मतं पडली, १९८८ नंतरची त्यांची सगळ्यात चांगली कामगिरी. त्याची माणसं त्याला सोडून गेलीच नाहीत. पळाले ते तिसऱ्या पक्षाचे. एनडीपी सात जागांवर आला आणि ती मतं कार्नीच्या पदरात पडली. ३४३ जागांपैकी लिबरल १६९, पॉलिएव्हचा पक्ष १४४. पुढे कोण, मागे कोण, एवढंच बघत बसलं की तिसऱ्याच्या अंगणात काय चाललंय ते दिसत नाही.

कसब्याचंही तेच म्हणणार होतो, पण तू म्हणशील याचं सगळं कसब्यापाशी येऊन थांबतं. थांबतंच. २०२३ च्या विधानसभा पोटनिवडणुकीत काँग्रेसचे धंगेकर अकरा हजारांनी आले तेव्हा 'भाजपचा बालेकिल्ला ढासळला' म्हणून आपण रात्री दीडला फोनवर ओरडत होतो. पावणेदोन वर्षांत तेच धंगेकर, समोर भाजपचे तेच रासने, आणि एकोणीस हजारांवर मतांनी उलटा निकाल. आता धंगेकर शिंदेंच्या सेनेत आहेत. मी त्यावर काही बोलत नाही, सकाळी चहाच्या टपरीवर पुरेसं बोलून झालेलं असतं.

एक विचारायचं राहिलं. पॉलिएव्ह स्वतः ज्या कार्लटन मतदारसंघात पडला तिथे म्हणे ९१ उमेदवार होते. एवढ्या लांब कागदाची घडी घालून पेटीत टाकायची कशी? २००४ पासून निवडून येणारा माणूस त्या चादरीत हरवला, आणि परत संसदेत जायला त्याला अल्बर्टातली पोटनिवडणूक लढवावी लागली. तुमच्या भागात कुणी ती मतपत्रिका पाहिली असेल तर विचारून कळव.

गौरीला काकूंकडे जाऊन आलो. गुडघा बरा आहे, तुझा फोन रविवारी येत नाही ही तक्रार आहे. पुरणपोळी तुझ्या वाटचीही मीच खाल्ली.

पैजेची मिसळ तू डिसेंबरात आलास की, आणि माझ्या घरच्या चौघांसकट. त्या २००४ च्या सर्व्हेवाल्या एजन्सीनं आपले पैसे अजून दिलेले नाहीत. हिशेब करून ठेवलाय. तुझे बारा फॉर्म त्यातून वजा केलेत.

तुझा,
अव्या