उपचार संपल्यानंतरचा आहार आणि व्यायाम

महोदय,

दर वर्षी ऑक्टोबर महिन्यात स्तनांच्या कर्करोगाविषयी शिबिरे, व्याख्याने आणि पदयात्रा होतात. गाठ वेळीच कशी ओळखावी हे त्यांतून अनेक स्त्रियांना समजते, आणि ते समजलेच पाहिजे. मात्र शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन पूर्ण करून घरी आलेल्या स्त्रीने पुढची वर्षे काय खावे आणि किती चालावे, याबद्दल तेथे क्वचितच कोणी बोलते. माझी धाकटी जाऊ या आजारातून उठली, तेव्हापासून ही उणीव मला सतत जाणवते.

तिचे उपचार संपताच भेटायला येणारे डिंकाचे लाडू आणि साजूक तुपातला शिरा घेऊन येऊ लागले, आणि ‘आता काही उचलू नकोस, पडून राहा’ असा प्रेमाचा आग्रह सुरू झाला. त्याच वेळी मोबाइलवर उलटे संदेश येत होते: साखर तोडली की कर्करोगाच्या पेशी उपाशी मरतात, दूध बंद करा, सोयाबीनला हात लावू नका. साखर खाल्ली नाही तरी शरीर इतर अन्नापासून ग्लुकोज तयार करतेच, त्यामुळे पेशी अशा उपाशी राहत नाहीत. गोड कमी करायचे ते वजनासाठी. सोयाबीनचे म्हणाल, तर शांघायमधील ५,०४२ रुग्ण स्त्रियांच्या पाहणीत, जी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, सोयाबीनचे पदार्थ अधिक खाणाऱ्या स्त्रियांमध्ये आजार उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण उलट कमी आढळले.

आहाराबाबत अमेरिकेतील दोन मोठ्या चाचण्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. २,४३७ स्त्रियांच्या पहिल्या चाचणीत आहारातील स्निग्धांश बराच कमी करण्यात आला, आणि २००६ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत त्या गटात आजार उलटण्याचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी कमी दिसले. ३,०८८ स्त्रियांच्या दुसऱ्या चाचणीत भाज्या, फळे आणि तंतुमय पदार्थ भरपूर वाढवण्यात आले, पण २००७ मध्ये हाती आलेला निकाल असा होता की आजार उलटण्याच्या प्रमाणात काहीच फरक पडला नव्हता. पहिल्या चाचणीतील स्त्रियांचे वजन काहीसे उतरले होते, दुसऱ्या चाचणीत ते उतरले नव्हते, आणि फरकाचे एक कारण हे असावे असे अनेक तज्ज्ञ मानतात. स्तनांच्या अनेक कर्करोगांना वाढायला मदत करणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक पाळी गेल्यानंतर शरीरात मुख्यतः चरबीच्या पेशींत तयार होते, हे लक्षात घेतले म्हणजे वजनाचा प्रश्न केवळ दिसण्याचा राहत नाही. म्हणून एखाद्या ‘चमत्कारी’ फळामागे धावण्यापेक्षा चहाबरोबरची खारी आणि फरसाण कमी करून मुगाची उसळ, नाचणीची भाकरी, पालेभाजी, आणि मासे खाणाऱ्यांनी न तळलेले मासे, असे रोजचे ताट सुधारणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

व्यायामाविषयीचे पुरावे बहुतांशी पाहणीतून आलेले आहेत, त्यामुळे त्यांतून ठाम हमी देता येत नाही. पण २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हा आजार झालेल्या सुमारे ३,००० परिचारिकांच्या पाहणीत आठवड्याला तीन ते पाच तास चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू लक्षणीय कमी होते. सध्या आठवड्याला किमान १५० मिनिटे दम लागेल असे चालणे आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. घरकामात चालणे होतेच, असे घरोघरी म्हटले जाते. ओट्यापाशी उभे राहून पाय दुखतात हे खरे, पण छातीची धडधड वाढत नाही.

सर्वांत मोठी भीती हाताची असते. काखेतील लसिका ग्रंथी काढल्यावर हात सुजतो म्हणून माझी जाऊ वाळत घातलेले कपडेसुद्धा त्या हाताने काढत नव्हती. खांदा इतका आखडला की केस विंचरताना तिच्या डोळ्यांत पाणी येई. फिजिओथेरपिस्टने तिला भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढायला शिकवले, आणि खांदा सुटल्यावर पाण्याची अर्धा लिटरची बाटली उचलायला दिली. हात सुजलेल्या १४१ स्त्रियांच्या एका अमेरिकी चाचणीत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने वजने उचलल्याने सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले; हे २००९ मध्येच प्रसिद्ध झाले आहे, तरीही आपल्याकडे ‘जड उचलू नका’ एवढेच सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते. आजार उलटू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या, इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी सांधे दुखतात आणि हाडे विरळ होतात, तिथेही नियमित व्यायामाने दुखणे कमी होते. आणि हे फार महत्त्वाचे आहे, कारण दुखण्याला कंटाळून अनेक जणी गोळीच सोडतात. कोणताही आहार त्या गोळीची जागा घेऊ शकत नाही.

ठाणे आणि नवी मुंबईतील सर्व सरकारी व खासगी रुग्णालयांना माझी विनंती आहे, की उपचार संपताना रुग्णाच्या हाती औषधांच्या चिठ्ठीबरोबर व्यायाम आणि आहाराची मराठीत लिहिलेली चिठ्ठीही द्यावी, आणि महापालिकेच्या रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ या रुग्णांसाठी बसवावेत. स्वयंपाक आणि डबे आटोपून बाई मोकळी होते तेव्हा दहा-साडेदहा वाजतात, आणि तोवर आमच्या भागातील उद्यानाचे दार बंद झालेले असते. प्रत्येक प्रभागात निदान एक सावलीचे, स्वच्छतागृह असलेले उद्यान दुपारी बारापर्यंत उघडे ठेवता येईल का, याचाही महापालिकांनी विचार करावा.

एक वाचक,
नेरुळ, नवी मुंबई