आईचे गुडघे, आपलं फाटक आणि बाबांची मराझो

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर गाडी बदलायचा विषय निघाला की बाबा ‘बघू’ म्हणतात आणि आई लगेच शेजारच्यांच्या लग्नावर जाते. म्हणून लिहायला बसले. मध्ये कुणी बोलणार नाही.

आपल्या टाटा इंडिगो मरीनाचं पासिंग संपत आलंय. २००६ ची गाडी, १५ वर्षांनी पर्यावरण कर भरून ५ वर्षं वाढवून घेतलीत, तीही सरत आली. आणखी वाढवता येईल, हे तुम्ही म्हणणारच. पण गेल्या महिन्यात आईला तिच्यातून उतरताना मी पाहिलं. एक हात दारावर, एक माझ्या खांद्यावर, आणि तरी दोनदा परत सीटवर बसली. गाडी बुटकी आहे बाबा. बसायचं म्हणजे खाली पडायचं आणि उठायचं म्हणजे विहिरीतून वर यायचं. गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आठवतंय ना, बसल्यावर कंबर गुडघ्यांपेक्षा खाली जायला नको. आधी सीटच्या कडेला टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. मरीनात ते होत नाही. आणि स्कॉर्पिओसारख्या उंच गाडीत पायरी चढावी लागते, म्हणजे उलटं दुखणं.

तरी मरीनासारखी दुसरी गाडी मिळाली असती तर मी तीच आणली असती. सातपूरला महिंद्रात ३१ वर्षं काढून तुम्ही दारात टाटाची गाडी उभी केलीत, म्हणून कंपनीतल्या लोकांनी केवढं छळलं होतं! पण दिंडोरीहून मामांनी दिलेल्या द्राक्षांच्या पेट्या, आईची पेटी, माझी सायकल, सगळं त्या मागच्या लांब पोटात मावायचं. तशा स्टेशन वॅगन आपल्याकडे फार खपल्याच नाहीत. मारुतीची बलेनो अल्टुरा होती, फियाटची पालिओची बहीण होती, सगळ्या गेल्या. ते काम आता सात आसनी गाड्या करतात. मागची रांग आडवी पाडली की झाली वॅगन. म्हणून मी वापरलेल्या तिघी पाहिल्या.

पहिली होंडाची मोबिलिओ, २०१६ ची, पेट्रोल. किंमत इतकी कमी की आधीच शंका यायला हवी होती. बाहेरून चकाचक, आत अगरबत्तीचा वास. तुम्हीच शिकवलंय ना, की सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा? ओढला. रोज वापरात येतो तेवढा पट्टा स्वच्छ होता, पुढचा वीतभर मातकट, त्यावर सुकलेल्या गाळाची सरळ रेघ. सीटखालच्या पट्ट्या गंजलेल्या. पाण्यात उभी राहिलेली गाडी. गोदेच्या पुरात दुतोंड्या मारुती बुडायला लागला की तुम्ही मरीना वरच्या गल्लीत नेऊन लावायचात, ते आठवलं. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, वॉशिंगचं पाणी असेल.’ नमस्कार करून निघाले.

दुसरी तुमची लाडकी. महिंद्राची मराझो, २०२१ ची डिझेल. खोटं कशाला बोलू, चालवताना मलाही मोह झाला. खड्ड्यांतून अशी जाते की चहा सांडू नये. छतातून सगळ्यांना थंड हवा, सीटची उंची आईला बरोबर. त्या वेळच्या क्रॅश टेस्टमध्ये तिला ४ तारे मिळाले होते, मी पाहिलेल्या तिसऱ्या गाडीला, म्हणजे मारुतीच्या अर्टिगाला, ३, हेही मान्य. आणि ती आपल्या नाशिकच्या कारखान्यात तयार झालेली, तुम्ही निवृत्त झालात त्यानंतर ४ वर्षांनी. रस्त्यात दिसली की तुम्ही मान वळवून बघता, हे आईने मला सांगितलंय.

पण दोन गोष्टी. १ एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी डीपीएफची जाळी असते. ती काजळी जाळायला गाडी अधूनमधून हायवेवर सलग पळवावी लागते. तुमची धाव किती? सकाळी भाजी, संध्याकाळी सोमेश्वर, महिन्यातून एकदा त्र्यंबक. अशा तुकड्यातुकड्यांच्या चालवण्याने ती जाळी तुंबते, दिवा लागतो आणि मेकॅनिककडे खेटे सुरू. दुसरी गोष्ट आपलं फाटक. मराझोची रुंदी १८६६ मिलिमीटर, आरसे सोडून. अर्टिगा १७३५. पाच इंचांहून जास्त फरक. मरीना आत घेतानाही तुम्ही पारिजातकाच्या बाजूचा आरसा मिटता. मराझोसाठी एकतर खांब पाडावा लागेल नाहीतर पारिजातक, आणि आईपुढे दुसऱ्याचं नाव काढायची माझी हिंमत नाही.

तिसरी अर्टिगा. २०१९ ची, पेट्रोल, दीड लिटरचं इंजिन. रटाळ वाटेल तुम्हाला, गल्लीत चार उभ्या असतात. पण रटाळ असण्याचा फायदा म्हणजे पार्ट कुठल्याही कोपऱ्यावर मिळतात. मधली रांग पुढे-मागे सरकते, त्यामुळे आईला पाय आत घ्यायला जागा. मागची रांग पाडली की द्राक्षांच्या पेट्या आणि तिचा वॉकर दोन्ही. सगळ्या रांगा उभ्या असताना मात्र डिकी २०९ लिटरचीच आहे, मामा-मामी सोबत असले तर बॅगा मांडीवर.

अर्टिगात एक धोका असतो, टॅक्सीला चाललेली गाडी पांढरी पाटी लावून विकतात. म्हणून आरसी नीट पाहिली, पहिल्यापासून खाजगी, एकच मालक. किलोमीटर ४६ हजार. ब्रेकच्या पेडलचं रबर झिजलेलं नाही, सर्व्हिसची नोंद जुळते. चारही टायरांवर तयार झाल्याचा आठवडा २०१९ चाच छापलाय, म्हणजे टायर मूळचे आहेत आणि आल्या आल्या बदलायचे आहेत. तेवढ्याचे पैसे किमतीतून कमी करून मागितलेत. सकाळी आठला न सांगता गेले, बॉनेटला हात लावला, गार होतं, तरी एका झटक्यात सुरू झाली. बँकेचा बोजा फिटलाय, पण बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय मी पैसे देणार नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्यासमोरच घेऊ, तुम्हाला कागद तपासल्याशिवाय झोप यायची नाही.

बयाणा अजून दिलेला नाही. मालक भले गृहस्थ आहेत, त्यांना नाशिकला काम आहे, रविवारी गाडी घेऊन सिन्नरमार्गे मीच येते. आईने बसून बघायचं. सप्तशृंगी गडावर जायचं ठरलं तर नांदुरीचा घाट चढवून बघू, वर ट्रॉलीने जाऊ, पायऱ्या नकोत. तिला नाही पटली तर गाडी संध्याकाळी परत.

बाबा, तेवढं शनिवारी फाटकाचं माप घेऊन ठेवा. खांबापासून खांबापर्यंत, पारिजातकाच्या फांदीपासून नाही.

तुमची,
ताई