खंडेनवमीला बंदूक घासण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खंडेनवमी चार दिवसांवर आली. जुन्या घरांतून माळ्यावरच्या तलवारी, भाले आणि परवाना असेल तिथे बंदुका खाली उतरतील. चिंच, राख, रांगोळी लावून त्या घासल्या जातील, हळदकुंकू आणि झेंडू वाहिला जाईल. पूजा जरूर करा, मीही करतो. पण बंदूक घासू नका, एवढं सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी पोलीस खात्यात आर्मोरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, होतो. ३१ वर्षं शस्त्रागारात गेली. पुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, चिंदी लावून रोज नळ्या साफ करणं हेच काम. त्यामुळे सफाईला माझा विरोध असण्याचं कारण नाही. पण चालू हत्याराची सफाई वेगळी आणि सव्वाशे-दीडशे वर्षांच्या हत्याराची वेगळी.

गेल्या वर्षी आमच्या आळीतल्या काकूंनी बोलावलं. यजमान वारले होते, परवाना त्यांच्याच नावावर. मुलं पुण्यात, कुणाला बंदूक नको होती. ठाण्यात जमा करण्याआधी "तुम्ही एकदा नजर टाका, भाऊजी," म्हणाल्या. गोधडीतून बंदूक काढली आणि बघताक्षणी ओळखली. मार्टिनी-हेन्री, ब्रिटिश सैन्याची जुनी बंदूक! बाहेर घोडा नाही, चापाच्या मागे लांब दांडा. आधी ती रिकामी असल्याची खात्री केली. दांडा खाली ओढला तसा आतला ठोकळा पुढच्या बाजूने खाली झुकला आणि नळीचं तोंड उघडं पडलं. एका वेळी एकच काडतूस, हाताने घालायचं. उजव्या अंगाला पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा दर्शक असतो, बंदूक ताणलेली, म्हणजे बार काढायला तयार, आहे की नाही ते तो सांगतो. तोसुद्धा जागेवर होता.

पण तो थेंब आरशासारखा चकाकत होता, आणि त्याच्या शेजारची सगळी पोलादी बाजूही. काकूंच्या थोरल्या दिरांनी काही वर्षांपूर्वी दसऱ्याला एका दुकानातून बफ मारून, म्हणजे यंत्रावर घासून चकचकीत करून, आणली होती. पैसेही बरेच मोजले होते. जिथे मुकुट, त्याखाली व्ही.आर. ही राणी व्हिक्टोरियाची अक्षरं, कारखान्याचं नाव, साल आणि मार्कचा, म्हणजे सुधारित आवृत्तीचा, आकडा असायला हवा, तिथे मी बॅटरी तिरकी धरून अंगठा फिरवत बसलो. 'आर'च्या एका पायाची अंधूक खूण लागली, सालातले पहिले दोन आकडे लागले. बाकी सपाट. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. त्या बंदुकीचा जन्मदाखलाच कुणीतरी घासून काढला होता.

ही बंदूक ब्रिटिश सैन्याने १८७१ साली स्वीकारली. ठोकळ्याची रचना स्वित्झर्लंडच्या फॉन मार्टिनीची, मूळ कल्पना अमेरिकेतल्या पीबडीची, आणि नळीतले आटे, म्हणजे आतल्या पिळदार खाचा, एडिंबराच्या अलेक्झांडर हेन्रीचे. आटे सात असतात. नळीतून उजेडाकडे पाहिलं की मोजता येतात. एकही दिसला नाही, भिंत गुळगुळीत असली, तर नंतर कुणीतरी नळी कोरून छऱ्यांसाठी केली आहे असं समजा. मार्क २ १८७७ चा, मार्क ३ १८७९ चा. मार्क ४ दांड्याच्या लांबीवरून ओळखता येतो. पातळ पितळी पत्र्याची काडतुसं तापलेल्या, धुळीने भरलेल्या नळीत अडकायची आणि आखूड दांड्याला जोर पुरायचा नाही, म्हणून तो लांब केला. एनफिल्डच्या सरकारी कारखान्याखेरीज बर्मिंगहॅम आणि लंडनच्या कंपन्यांनीही या बंदुका बनवल्या. बाणाची खूण म्हणजे सरकारी मालकी. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर सरकारने ती विकून टाकलेली.

तुमच्या घरची बंदूक बाहेर घोडा असलेली असेल आणि मागचा भाग पानाच्या डब्याच्या झाकणासारखा उजवीकडे उघडत असेल, तर ती बहुधा स्नायडर आहे, मार्टिनीच्या आधीची, १८६६ ची. ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू ठासायच्या, एनफिल्ड बंदुकांचा मागचा भाग कापून त्या काडतुशी केल्या. त्यामुळे घोड्याजवळच्या पट्टीवर १८६० किंवा १८६२ असं आधीचं साल दिसलं म्हणून ती खोटी ठरवू नका. पट्टी जुन्या बंदुकीची आहे, एवढाच त्याचा अर्थ.

स्नायडरला लोक दुय्यम समजतात, ते मला खटकतं. १८५७ नंतर देशी शिपायांना गोऱ्यांपेक्षा एक पायरी मागचं हत्यार द्यायचं, हे सरकारचं धोरण होतं. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदला लढाई झाली, तेव्हा गोऱ्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी होत्या, आणि त्याच रणात उभ्या असलेल्या मुंबई लष्कराच्या ग्रेनेडियर व जेकब्स रायफल्स या पलटणींकडे स्नायडर. आपल्या माणसांच्या हातात काय होतं आणि का होतं, हे ती बंदूक सांगते. माझ्या लेखी तिचं मोल त्यामुळे वाढतं.

नकली मालही पुष्कळ आहे. पेशावरजवळच्या दर्रा आदमखेलमध्ये कारागीर हाताने हुबेहूब मार्टिनी घडवत. इंग्रजी येत नसल्याने एनफिल्डमधला 'एन' उलटा पडतो, मुकुट वाकडा येतो, अक्षरं वरखाली होतात. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली. व्ही.आर.खाली १९०६ साल असेल तर ती इंग्लंडची नव्हे. नळीवर देवनागरी आकडे असतील तर बंदूक नेपाळ दरबाराची असू शकते. तिथे मार्टिनीसारखी दिसणारी गहेंद्र बंदूक हाताने बनवत. आपल्याला ती अक्षरं वाचता येतात, तेव्हा नीट वाचा.

सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, "किती येतील?" परदेशातले आकडे मोबाइलवर दाखवतात. ते इथे लागू नाहीत. अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेली बंदूक प्राचीन वस्तू धरतात, ब्रिटनमध्ये या जुन्या काडतुसाच्या बंदुका शोभेची वस्तू म्हणून बिनपरवाना ठेवता येतात, म्हणून तिथे गिऱ्हाईक मोठं आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय खरेदी-विक्री नाही, आणि शंभर वर्षांवरची पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. इथेही जाणकार गिऱ्हाईक आधी खुणा शाबूत आहेत का ते बघतं. मग दस्त्याच्या लाकडावरचा गोल शिक्का, सुट्या भागांचे आकडे एकमेकांशी जुळणं, संगीन, आणि घरातले जुने परवाने, संस्थानी हुकूम, फोटो. काळवंडलेलं पोलाद चालतं, बफ मारलेलं नाही. लाकडाला व्हार्निश देऊ नका. गंज वाढत असेल तर हलका तेलाचा हात पुरे. आणि हौस म्हणून कुठलंही काडतूस घालून बार काढू नका. ही काळ्या दारूच्या, म्हणजे जुन्या बारुदीच्या, काळातली हत्यारं आहेत. हात जाईल, जीवही जाईल.

आता प्रशासनाला विनंती. परवानाधारक वारला की शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे वारसांना बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते, ते योग्यच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे जुन्या घरांतला माल आणखी बाहेर पडला. याच कायद्याच्या ४५ व्या कलमात दुरुस्त करूनही बार काढता येणार नाही अशा, पुरातन मोलाच्या हत्यारांना सूट आहे. पण हे ठरवायचं कुणी? ठाण्यातला कारकून नोंदवहीत 'एक जुनी रायफल' लिहितो. त्याचा दोष नाही, त्याला कुणी शिकवलेलंच नाही. जमा झालेली हत्यारं नष्ट करण्याचा हुकूम निघण्याआधी जिल्ह्याच्या आर्मोररने प्रत्येकीच्या खुणा उतरवून फोटो काढावेत, आणि शंभर वर्षांवरचं जे असेल त्याची यादी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे पाठवावी. एका बंदुकीला अर्धा तास लागतो. माझ्यासारखे निवृत्त आर्मोरर हे काम विनामोबदला करतील. मी स्वतः तयार आहे.

काकूंच्या बंदुकीचं मी तेवढं केलं. पोलादावरचं गेलं होतं, पण दस्त्याच्या लाकडावर तेलाच्या थराखाली गोल शिक्क्याचा अर्धा भाग शिल्लक होता, आणि दस्त्याच्या टोकाच्या पट्टीवर पलटणीने ठोकलेले आकडे. कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतला, एक प्रत काकूंना दिली, एक बंदुकीसोबत ठाण्यात. काकूंनी ती प्रत यजमानांच्या फोटोमागे ठेवली आहे. बंदूक ठाण्यातच आहे, अजून निर्णय झालेला नाही.

आपला,
एक निवृत्त पोलीस आर्मोरर