बाबांच्या कवळीला चालेल असं कालवण

सांगली, सोमवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर म्हणालीस, कवळी बसवल्यापासून बाबांनी मटणाचं नावच टाकलंय, नुसत्या रश्शात भाकरी कुस्करून खातात. म्हणून हे लिहून पाठवतेय. फोनवर सांगायला गेलं की तू अर्ध्यातच "माहितेय गं मला" म्हणतेस.

शनिवारी धाकट्याचा वाढदिवस झाला. ओव्हन आल्यापासून पोरांना अख्खी भाजलेली कोंबडीच लागते. सव्वा किलोची आणली, आदल्या रात्री मीठ-मिरी चोळून ठेवली, पोटात लिंबू कोंबलं, वरून लोणी. पोरांनी तंगड्या उचलल्या आणि केककडे पळाली. निम्मी उरली, तीही बहुतेक छातीचीच.

मागच्या खेपेला तू सांगितलंस तसं उरलेले तुकडे वाटणात घालून कुकरला दोन शिट्ट्या दिल्या होत्या. छातीच्या मांसाचा पार काथ्या झाला. तू कच्च्या चिकनचं सांगत होतीस गं, हे आधीच शिजलेलं. भाजतानाच त्यातलं पाणी निघून गेलेलं असतं, पुन्हा उकळलं की उरलंसुरलंही जातं. म्हणून यंदा उलटं केलं. शिजवायची ती हाडं, मांस नाही.

कोंबडी फ्रीजमधून काढली आणि गार असतानाच हातानं सोलली. सुरीनं नाही, बोटांनी, मांसाच्या धाग्याच्या दिशेनं. बारीक हाडं बोटांनाच कळतात, आणि कवळीखाली हाड आलं तर बाबा परत ताटाकडं बघणार नाहीत. हाडं, भाजलेलं कातडं आणि ट्रेच्या तळाशी जेलीसारखं गोठलेलं सगळं कुकरात टाकलं, लिटरभर पाणी, आल्याचा तुकडा. एक शिट्टी, मग बारीक गॅसवर वीस मिनिटं. लिंबू मात्र आठवणीनं काढून टाक. एकदा माझ्याकडून सालीसकट उकळलं गेलं आणि आळणी, म्हणजे हाडांचं ते उकळलेलं पाणी, कडूजहर झालं, सगळं मोरीत ओतलं.

वाटण आपलंच: कांदा, सुकं खोबरं, तीळ, आलं-लसूण, कोथिंबीर. हळद इथली. तेलात दोन चमचे तुझी चटणी, वाटण तेल सुटेपर्यंत परतलं, गाळलेलं आळणी ओतून दहा मिनिटं खदखदू दिलं. मीठ चव बघूनच घालायचं, कोंबडीला आधीच लागलेलं असतं. सगळ्यात शेवटी मांस. चार-पाच मिनिटं चांगली उकळी आली की झाकण ठेवून गॅस बंद. तर्री वर येते आणि मांस बोटानं चिरडतं. भाजलेल्या कातड्यामुळं रश्शाला थोडा चुलीवरचा वास येतो, तो कच्च्या चिकनच्या कालवणाला मला कधी मिळाला नाही. (मोठी म्हणाली, वाढदिवसापेक्षा आजचं भारी. म्हणजे माझी शनिवारची मेहनत पाण्यात.)

बाबा, तुम्ही "शिळं" म्हणणार, माहितेय. जेवणं उरकल्यावर दोन तासांच्या आत कोंबडी फ्रीजमध्ये गेली होती. अशी ठेवलेली तीन दिवस चालते. कालवण मात्र एकदाच करायचं आणि संपवायचं. आई, तुझी ती पातेलं रात्रभर ओट्यावर झाकून ठेवायची सवय चिकनला नको, विशेषतः उन्हाळ्यात.

येत्या रविवारी आम्ही साताऱ्याला येतोय. ओव्हन गाडीत मागच्या सीटवर बसतो, मोजून बघितलंय. शनिवारी रात्रीच पोचून कोंबडी भाजू, रविवारी दुपारी कालवण. बाबा, कवळी डबीत ठेवून जेवायला बसायचं नाही.

आणि आई, चटणीची बरणी तळाला लागलीय. यंदा मिरच्या कुटायला डंखावर जाशील तेव्हा बेडगी वाढव, संकेश्वरी जरा कमी कर. रंग चालेल, पण मागच्या वर्षीच्या तिखटानं जावयांचे कान लाल झाले होते. ते सांगणार नाहीत, म्हणून मी लिहितेय.

तुमची,
बबी