पोस्टडॉकला जाण्याआधी विचारायचा प्रश्न

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

थिसिस एकदाचा सबमिट झाला, आता व्हायव्हा होईल तेव्हा होईल. तू पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी, दोन लॅबच्या जाहिराती पाठवून "आई, कुठली?" एवढंच विचारलंस. पहिलीचा दबदबा मोठा, दुसरीत माणसं मोजकी. नावावरून ठरवू नकोस. दोन्ही पीआयना, म्हणजे लॅबच्या प्रमुखांना, आधीच विचार, की लॅब सोडताना या कामातलं काय मला बरोबर नेता येईल? विचारायला संकोच वाटेल, पण उद्या स्वतःची लॅब काढायची तर तुझ्या हक्काचा प्रश्न हाताशी हवा.

याचं एक उदाहरण बघ. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन हे दोघे जीवशास्त्रज्ञ एमआयटीत रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्याकडे पोस्टडॉक होते. जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या सी. एलिगन्स कृमीतली लिन-४ आणि लिन-१४ ही जनुकं त्यांनी तिथेच हातात घेतली, आणि बाहेर पडल्यावर एकाने लिन-४ चा पिच्छा पुरवला, दुसऱ्याने लिन-१४ चा. लिन-४ पासून प्रथिन बनतच नाही, बनतो तो इवलासा आरएनए, हे अँब्रोस यांच्या लॅबला कळलं. दोघांनी आपापल्या जनुकाचे क्रम शेजारी ठेवून पाहिले तर त्यांचे काही तुकडे एकमेकांना पूरक निघाले! १९९३ मध्ये दोघांचे पेपर आले, आणि अशा इवल्या आरएनएच्या, म्हणजे मायक्रोआरएनएच्या, या शोधाला २०२४ चं नोबेल मिळालं. हॉर्विट्झ यांनी तो प्रश्न स्वतःकडे अडवून ठेवला असता तर?

पगार पीआयच्या ग्रँटमधून निघणार असेल तर प्रोजेक्टही बहुधा त्या ग्रँटचाच असतो. म्हणून स्वतःच्या फेलोशिपसाठी धडपड कर. मग विषयावर बोलताना तुझ्या शब्दाला वजन येतं. एम्बो या युरोपातल्या जीवशास्त्र संस्थेची फेलोशिप दोन वर्षांपर्यंत मिळते, त्यासाठी देश बदलावा लागतो. ह्यूमन फ्रंटियर या आंतरराष्ट्रीय संशोधन-निधी कार्यक्रमाची तीन वर्षांची, पण पीएचडीचंच काम पुढे ओढलेलं त्यांना चालत नाही. (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्रातून जीवशास्त्रात येणाऱ्यांसाठी त्यांची वेगळी फेलोशिप आहे, तुझ्या त्या मित्राला सांग.) मेरी क्युरीची युरोपीय फेलोशिप हवी असेल तर एक खोच लक्षात ठेव: अर्जाच्या अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. म्हणजे आधी रुजू होऊ, अर्ज सावकाश करू, असं म्हणून बसलीस तर दार बंद. बाकीच्या अटी त्या त्या वर्षीच्या नियमावलीत बघ, त्या बदलत राहतात.

तुझ्या ई-मेलचा मसुदा वाचला. "आपल्या संशोधनाने मी भारावून गेले" हे वाक्य आधी काढ. मीही असले अर्ज वाचते. त्या ओळीशी माझा उत्साह मावळतो. त्यांच्या ताज्या पेपरातली एखादी आकृती धर, तिच्यावरून सुचलेला प्रयोग दोन-तीन ओळींत मांड, आणि लाइट-शीट मायक्रोस्कोपीत तुझा हात बसलाय हे स्पष्ट लिही. ते तू तिसऱ्या परिच्छेदात दडवून ठेवलं आहेस!

मुलाखतीला बोलावलं तर पीआय नसताना लॅबमधल्या मुलांशी बोल. आधीचे पोस्टडॉक सध्या कुठे आहेत, कुणाचा पेपर अडकला, पीआयची भेट किती दिवसांनी होते, हे त्यांच्याकडूनच कळतं.

दुसऱ्या लॅबच्या पीआयची पूर्वीची एक पोस्टडॉक आता स्वतःची लॅब चालवते, आणि तिचा विषय तिथेच सुरू झालेला दिसतो. माझा कल तिकडे आहे. तरी प्रश्न दोघांनाही विचार, आणि उत्तरं आली की मला पाठव. एखाद्याने "ते नंतर बघू" म्हटलं तर तेही जसंच्या तसं कळव.

तुझी,
आई