थिएटर कशाला म्हणतोस?

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू तावातावाने म्हणालास की सरकारी विद्यापीठाने वर्ग बांधावेत, लॅब बांधाव्यात, थिएटर कशाला. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, फोन ठेवल्यावर सुचलं (नेहमीचंच), म्हणून लिहितोय.

अमेरिकेतलं आयोवा विद्यापीठ घे. १९७२ साली त्यांनी नदीकाठी हँचर ऑडिटोरियम सुरू केलं आणि २००८ च्या पुराने त्याची पार वाट लावली. तुझ्या हिशोबाने विषय तिथेच मिटायला हवा होता ना? पण हे लोक आठ वर्षं बिऱ्हाड पाठीवर घेऊन मिळेल त्या हॉलमध्ये कार्यक्रम करत राहिले आणि २०१६ ला उंचावर सुमारे १,८०० खुर्च्यांचं नवं थिएटर उघडलं, त्यात केंद्र सरकारची आपत्ती मदतही मोठी होती. एवढा अट्टहास का, तर लहान शहरात मोठा बॅले किंवा ऑर्केस्ट्रा आणायचा म्हणजे तिकिटांवर खर्च निघत नाही, खासगी माणूस तो तोटा कशाला घेईल? विद्यापीठ घेतं, कारण तिथे करदाताही येऊन बसतो, ज्याचं पोर त्या विद्यापीठात नसेलही.

आणि लॅब म्हणशील तर हीच लॅब आहे रे! इलिनॉय विद्यापीठाचं क्रॅनर्ट सेंटर बघ, १९६९ चं. तिथे सेट बनवायचं, कपडे शिवायचं वर्कशॉप त्याच इमारतीत, आणि मुलं लाइट, साउंड, पडद्यामागची धावपळ खऱ्या प्रयोगात शिकतात. चुकीचा क्यू (लाइट, साउंड बदलायचा इशारा) गेला की समोर तिकीट काढून बसलेली माणसं असतात, ही धास्ती कुठल्या वर्गात शिकवणार सांग.

ती इमारत मुळात पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या धंद्यातून पैसा केलेल्या क्रॅनर्ट दांपत्याच्या देणगीतून झाली. इथे मात्र तुझा मुद्दा मला पटतो. दारावर नाव लागणार म्हटलं की इमारतीला देणगीदार मिळतो, पण एसीचं बिल, पियानोचं ट्यूनिंग, स्टेजवरच्या माणसांचे पगार यांच्यासाठी कोण पाटी लावून घेणार? ते दरवर्षी विद्यापीठाच्याच गळ्यात, आणि बजेट कापायची वेळ आली की पहिली कात्री तिथेच. मग भाडं मिळतं म्हणून हॉल कॉन्फरन्सला देतात आणि नाटकाच्या मुलांना तालमीला तारीख मिळत नाही. असं होत असेल तर तू म्हणतोस तसं नको ते थिएटर, खरंच.

पण मग भांड त्या तारखांवरून. थिएटरवरूनच कशाला भांडतोस?

तुझाच,
मी